पाड्यावरची बावीस नावं

सोमवार, पौष महिना. महापालिकेच्या निवडणुकीचे अर्ज भरण्याची मुदत उद्या संपणार. वेळ दुपारी साडेतीन. ठिकाण: भिवंडी, आमच्या घराची पुढची खोली.

हजर: मी, उमेदवार. माझे यजमान. शेजारच्या गल्लीतले चाचा, अनुमोदक म्हणून. अर्ज भरून द्यायला आलेल्या तरुण वकीलबाई. आणि पाड्यावरची ती, सूचक म्हणून.

गैरहजर: मुलगा. पुण्यात ड्युटीवर.

त्या दिवशी वहीत लिहिली तशीच ही हजेरी उतरवली आहे. पुढची ओळ ‘चहा – सहा कप’ अशी आहे, कारण चाचा नेहमी दोन घेतात. त्यानंतर जवळजवळ दोन पानं कोरी आहेत. माझ्या वहीत असं सहसा होत नाही.

मी याद्या करते. वाणसामानाची सगळेच करतात. मी घरातला कोणता बल्ब कधी लावला याचीही करते. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या लहानशा यंत्रमाग कारखान्याचं हजेरीपुस्तक सासऱ्यांच्या हातात होतं. दोन वर्षांत ते माझ्याकडे आलं आणि पंचवीस वर्षं माझ्याकडेच आहे. चाचांचाही कारखाना आहे, आमच्यापेक्षा कितीतरी जुना. त्यांचे पूर्वज किनाऱ्याकडून इथे व्यापाराला आले ते इथलेच झाले. ते मला म्हणतात, "भाभी, तुम्ही तर भिंतीतल्या खिळ्यांचीपण हजेरी घेता."

हजेरी घ्यायला मला चाचांनीच शिकवलं. कारीगर बहुतेक उत्तरेकडचे. लग्न, कापणी, आजारपण, काहीही निघालं की ते मुलुकला जातात, आणि पंधरा दिवस सांगून गेलेला माणूस पाच महिन्यांनी उगवतो. पहिल्याच वर्षी मी अशा एकाचं नाव लाल शाईनं खोडलं होतं. चाचांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "खोडू नका. मुलुक गेलाय, काम सोडून नाही गेला. त्याच्या लूमवर बदली बसवा, नावासमोर ‘मु’ लिहा. नाव खोडलंत तर परत आल्यावर तो उभा कुठे राहील?" तेव्हापासून माझ्या पुस्तकात ‘मु’ची खूण आहे. एकाच्या नावासमोर ती सलग अकरा महिने आहे. तो परत आला, आणि आला त्या दिवशी त्याच लूमवर उभा राहिला.

हे आधी सांगायचं कारण पुढे येईल.

आमचा प्रभाग शहराच्या टोकाला, शेलारच्या बाजूला. मी आले तेव्हा घरामागे भाताची खाचरं होती. मग गोदामं आली, मग चाळी, मग टॉवर. माणसं इतक्या वेगानं वाढली की पाण्याची लाइन, नाला आणि रस्ता जिथल्या तिथे राहिले. टॉवरमधल्या नव्या लोकांना कुणाचं दार ठोठावायचं तेही ठाऊक नव्हतं. मी तक्रारींची वही ठेवत होते: काय बंद, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. ती वही पाहून टॉवरमधली एक जण म्हणाली, "काकू, तुम्हीच उभ्या राहा ना." मी हसले. तेच वाक्य पाड्यावरच्या तिनं म्हटलं तेव्हा मात्र मला हसता आलं नाही.

पाडा टॉवरच्या मागे, नाल्यापलीकडे. आदिवासींची पंधरा-सोळा कुडाची घरं, एक चिंचेचं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला गावदेवाचा दगड. इथलं सगळ्यात जुनं काही असेल तर तो पाडाच. तिथे नळ नाही, म्हणून बायका आमच्या कंपाउंडच्या नळावर येतात. तिची माझी ओळख नळावरची. पावसाळ्यात ती शेवळं, कंटोली अशा रानभाज्या घेऊन बाजारात बसते, दिवाळीनंतर सगळ्या पाड्याबरोबर वज्रेश्वरीच्या बाजूच्या वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या आधी परत येते. पाड्यावर कुणी कुणाला अहोजाहो करत नाहीत, त्यामुळे मीही तिच्यासाठी ‘तू’च आहे.

गेल्या वर्षी पाड्याच्या दोन बाजूंना कुणीतरी निळे पत्रे उभे केले. कुणी केले ते कुणी सांगेना. चाचांच्या कानावर आलं, की लवकरच घरांची मोजणी होणार. ज्याचा जुना रहिवास कागदावर असेल त्याला दुसरं घर, नसेल त्याला काही नाही. आणि कागद म्हणजे मुख्यतः मतदारयादी. पाड्याजवळ दुसरे कागद फारसे नव्हतेच. ती नळावर कळशी लावून उभी होती. म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं मत टाकलं, नवऱ्यानं टाकलं, मी टाकते. तेवढाच आमचा कागद. ताई, तू उभी रहा. आपलं मानूस तिथं असल तं पाडा पुसून टाकाया कोणाची हिंमत न्हाय."

मी उभी राहिले. कोणत्याही पक्षानं तिकीट दिलं नाही, मी मागितलंही नव्हतं. कामांची यादी केली: थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, बँकेत वेगळं खातं, फोटो, सूचक, अनुमोदक. सूचकापुढे मी तिचं नाव लिहिलं. यजमान म्हणाले, "अगं, घरातलं कुणी चालतं की. मी आहे." मी म्हटलं, "तुम्ही आहातच. पण उभं तिनं केलंय मला."

त्या सोमवारी ती भट्टीवरून पहिल्या एसटीनं आली. केसांना तेल, ठेवणीतलं लुगडं. आल्या आल्या म्हणाली, "अंगठा न्हाय हां. सही." नातीनं तिला सही शिकवली होती. भट्टीवर पाटी-पेन्सिल नाही, म्हणून कच्च्या विटेवर काडीनं सराव केला होता. "दहाबारा इटा नावासकट भाजून गेल्या. कोणाच्या भिंतीत बसल्या काय म्हाईत." सगळे हसलो. चाचा म्हणाले, "मग तर अर्ध्या भिवंडीत तुमच्या नावाची घरं आहेत."

वकीलबाईंनी प्रभागाची मतदारयादी पुढ्यात घेतली. "काकू, यांचा अनुक्रमांक लागेल." आणि बोट खाली सरकवत गेल्या. पान उलटलं. परत मागे आल्या. मग मोबाइलवर शोधलं. "आडनाव काय म्हणालात?"

तिनं सांगितलं.

"एकच सापडतंय. पुरुषाचं आहे. वय पंच्याऐंशी."

"माझा सासरा," ती म्हणाली. "दोन पावसाळे झाले त्याला जाऊन."

"तुमचं नाही दिसत. पाड्यावरचं दुसरं कुणाचंच नाही."

तिनं कमरेची पिशवी सोडली, तीतून प्लॅस्टिकचा कागद, त्यातून मतदार कार्ड. टेबलावर ठेवलं. "कार्ड हाय की. मागच्या मतांना भट्टीवर होतो, पन त्याच्या आधी दर खेपंला टाकलंय."

"कार्ड आहे, पण यादीत नाव लागतं, मावशी. यादीत नसेल तर सूचक होता येत नाही. मतही..." वकीलबाई थांबल्या.

"म्हातारा मेला तो हाय, आन मी जिती ती न्हाय?" ती हसून म्हणाली. कुणीच हसलं नाही. कार्डावरचा स्वतःचा फोटो तिनं अंगठ्यानं पुसला.

म्हाताऱ्याचं वय ऐकलं तेव्हाच मला एक जुनी फाइल आठवली होती. मी उठून आतल्या खोलीत गेले. कपाटात दुसऱ्या कप्प्यात फायली आहेत, पाठीवर नावं लिहिलेल्या. एकीवर लिहिलं होतं: ‘मतदारयादी – मदत’. मी काही फेकत नाही.

चार वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, घरोघर जाऊन यादी तपासायचं काम आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या बाईंवर होतं. त्यांचा पाय मुरगळला होता. अक्षर चांगलं, गल्ल्या ठाऊक, म्हणून मी म्हटलं, मी फिरते, तुम्ही सही करा. तीन दिवसांचं काम मी दीड दिवसात संपवलं होतं. मला त्याचा अभिमानही वाटला होता. पाड्यावर शेवटी गेले. दारांना कड्यांऐवजी सुतळ्या बांधलेल्या. चिंचेखाली एकटा म्हातारा बसला होता, तिचा सासरा. मी विचारलं, "बाबा, बाकीचे?"

"भट्टीवर गेल्यात."

"सगळे?"

"सगळं."

"कधी येतील?"

"पावसाच्या आधी. गावदेव हितं हाय, तं जातील कुठं?"

माझ्या हातातल्या कागदावर तीन रकाने होते: मयत, दुबार, स्थलांतरित. ऊन वाढत होतं, घरी कुकर लावायचा होता. म्हातारा हजर, त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. बाकी बावीस नावांपुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं. पहिल्यापुढे पूर्ण शब्द, खाली एकवीस वेळा ‘〃’ अशी खूण. अंगणवाडीच्या बाईंनी माझ्या भरवशावर सही केली. पुढे हरकतींसाठी कुठल्याशा फळ्यावर कागद लागला असेल. भट्टीवर तो कोण वाचणार?

त्या यादीची झेरॉक्स माझ्या हातात होती. अक्षर स्वच्छ, ओळी सरळ. त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात, कारखान्याची हजेरीपुस्तकं होती, ‘मु’च्या खुणांनी भरलेली. हजार मैलांवर गेलेल्या माणसाचं नाव मी अकरा महिने सांभाळलं होतं. नाल्यापलीकडून भट्टीवर गेलेल्या बाईचं एका दुपारी खोडलं होतं, आणि मधल्या चार वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

फाइल परत ठेवून मी बाहेर आले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "बघते मी काय करता येतं ते."

सूचक म्हणून यजमानांनी सही केली. ती ते पाहत होती. पेन खाली ठेवल्यावर तिनं ते उचललं, माझ्या वहीच्या मागच्या पानावर सावकाश आपलं नाव लिहिलं आणि म्हणाली, "शिकले तं शिकले. राहू दे तुझ्याकडं." कोऱ्या राहिलेल्या दोन पानांच्या मागे ते नाव अजून आहे.

ती संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. दारात म्हणाली, "मताच्या आधी होईल ना?"

"प्रयत्न करते," मी म्हटलं. खरं म्हणजे वकीलबाईंनी आतच सांगितलं होतं, की या निवडणुकीची यादी ठरून गेली, आता तीत कुणाचंही नाव चढत नाही. तेही मी तिला सांगितलं नाही.

प्रचाराचे दिवस मी वहीतल्या ओळींप्रमाणे काढले. सकाळी टॉवर, दुपारी चाळी, संध्याकाळी कारखान्यांच्या गल्ल्या. निशाणी कपबशी मिळाली. बायका विचारत, "ताई, पाणी येईल?" कारीगर म्हणत, "हमारा वोट तो गाँव में है, भाभी, दुआ ले लो." आमच्याच जुन्या मुकादमानं सगळ्यांसमोर टोमणा मारला, "भाभी निवडून आल्या तर नगरसेवकांची पण लेट हजेरी लावतील." लोक हसले, मीही हसले. पाड्यावर मी एकदाच गेले. दारांना सुतळ्या. चिंचेखाली म्हाताऱ्याची जागा रिकामी. दोन म्हाताऱ्या बायका होत्या, दुसऱ्या पाड्यावरून घरं राखायला आलेल्या; त्यांनी पाणी दिलं. पत्रे आणखी एका बाजूनं वाढले होते.

परतताना चाचा बरोबर होते. नाल्यावरच्या फळीवर ते थांबले. "भाभी, त्या दिवशी आतून आलात तेव्हा तुमचा चेहरा पाहिला मी. काय होतं त्या कपाटात?"

मी सांगितलं. कधीतरी कुणाला सांगायचंच होतं.

चाचांनी विचारलं, "तिला सांगितलं?"

"मतदानानंतर सांगते. आत्ता सांगितलं तर..."

"तर काय? तिचं मत तर तसंही नाही तुम्हाला."

मी फळी ओलांडून पुढे निघाले. वहीत मात्र मी लिहिलं: ‘मतदानानंतर – तिला सांगणे.’ लिहिलं की काम मार्गी लागल्यासारखं वाटतं, ही माझी जुनी सवय.

मतदानाच्या दिवशी उमेदवार म्हणून मी केंद्रांवर फिरत होते. अकराच्या सुमाराला शाळेतल्या केंद्राबाहेर ती रांगेत दिसली. तेच ठेवणीतलं लुगडं, हातात कार्ड. माझ्याकडे पाहून मान हलवली. तिला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण थांबवायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

ती आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली. तिच्या मागोमाग केंद्रावरचा एक कर्मचारी दारापर्यंत आला. तरुण होता, त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. म्हणाला, "मावशी, खरंच यादीत नाही हो. जुन्या यादीत ‘स्थलांतरित’ म्हणून कमी झालंय."

"मंजी काय?"

"म्हणजे गाव सोडून गेलात असं."

"भट्टीवर जाते. गाव कुठं सोडलं? गाव सोडलं असतं तं आज कशाला आले असते, झक मारायला?" रांगेतले दोघं-तिघं हसले. ती त्यांच्याकडे वळली. "हसा. तुमची हायत ना नावं."

मग ती पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली. रडत नव्हती. कार्ड परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होती, नेहमीपेक्षा जास्त घड्या घालून. "कोणी लिवलं असल गं ताई?"

सगळं जग ऐकतंय असं मला वाटलं. प्रत्यक्षात फक्त ती ऐकत होती.

"ऑफिसातून झालं असेल," मी म्हटलं.

"हापिसाला कसं कळलं आमी भट्टीवर गेलो ते?"

मी घड्याळ पाहिलं. पुढच्या केंद्रावर जायचं आहे म्हणून निघाले.

निवडणूक मी हरले. माझ्या जागेवर तिसरी आले. पाड्याची सगळी मतं मला पडली असती तरी हरलेच असते, हे मी हिशेब करून पाहिलं आहे. हे लिहून ठेवते, कारण नंतर काही जण म्हणाले, की ती मतं असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. दिसलं नसतं. माझ्या हरण्याचा आणि पाड्याचा संबंध नाही. पाड्याचं जे गेलं ते निवडणूक जिंकूनही आपोआप परत आलं नसतं.

निकालानंतरच्या सोमवारी मी नाव नोंदवायचे कोरे अर्ज आणले. बावीसपैकी एक जण मधल्या काळात वारला होता, एकीचं लग्न होऊन ती वाड्याकडे गेली होती. उरले वीस. वीस अर्ज, पॅड, दोन पेनं, शाईचा डबा, पाण्याची बाटली, बिस्किटं. वज्रेश्वरीची एसटी पकडली आणि भट्टीच्या फाट्यावर उतरले.

ती उकिडवी बसून साच्यात माती भरत होती. मागे कच्च्या विटांच्या रांगा पार झाडांपर्यंत. मला पाहून उठली नाही. "हरलीस म्हन."

"हरले."

"जाऊ दे. बस."

बसायला पालथं घमेलं होतं. यादीतला पहिला विषय अर्जांचा होता. पण मी बसले आणि दुसराच आधी बोलले. "यादीतून तुझं नाव मी काढलं. चार वर्षांपूर्वी. पाड्यातल्या सगळ्यांचंच."

तिनं साचा उलटा केला. दोन विटा बाहेर पडल्या. "अंगनवाडीची बाय फिरत होती तवा?"

"सही तिची. फिरले मी, लिहिलं मी."

"सासरा होता तिथं."

"होता."

"त्यानं सांगितलं न्हवतं, भट्टीवर गेल्यात म्हनून?"

"सांगितलं होतं. पावसाच्या आधी येतील म्हणाला होता."

"मंग?"

"कागदावर तसा रकाना नव्हता."

"बाजूला जागा न्हवती?"

"होती."

"मंग बाजूला लिवायचं."

तिनं पुन्हा माती घेतली, साच्यात आपटली, हातानं सपाट केली. अशा पाच-सहा जोड्या विटा केल्या. मी उठले नाही. शेजारच्या रांगेतल्या बाईनं विचारलं, "कोन गं ती?" ती म्हणाली, "नळवाली." एवढी वर्षं मी तिची ताई होते.

मग न पाहता म्हणाली, "आन मताच्या दिशी हापिसावर ढकललंस."

"घाबरले."

"कोणाला? मला?"

"हो."

"मला कोन घाबरतंय बाय." ती हसली नाही. हात धुऊन, लुगड्याला पुसून तिनं पेन मागितलं. स्वतःच्या अर्जावर सही केली. पौषात माझ्या वहीत केली होती त्यापेक्षा ती सरळ आली होती. मग हाका मारून एकेकाला बोलावलं. कुणाला कशासाठी ते तिनंच समजावलं. माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. ते मला बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

सगळे अर्ज झाल्यावर मी पुढचं सांगितलं: अर्ज दिले की पडताळणीला माणूस येतो. दिलेल्या पत्त्यावर माणसं राहतात की नाही, ते पाहतो.

"कवा येल?"

"महिनाभरात कधीही. दिवस सांगत नाहीत."

"आमी हितं. पावसापर्यंत सुटका न्हाय." तिनं भट्टीकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे. "मंजी परत दारं बांधलेली दिसतील. परत कोनतरी लिवून जाईल."

"हो."

"मंग तू बस पाड्यावर. सायब आला का सांग, भट्टीवर गेल्यात, येतील. सासरा बसायचा तिथं बस."

"रोज?"

"रोज. लोकांची हजेरी घेतेस ना."

वीस अर्ज मी दुसऱ्याच दिवशी जमा केले, पोच घेतली. तेव्हापासून रोज सकाळी दहा ते पाच मी चिंचेखाली असते. कारखान्याचं पुस्तक यजमान सांभाळतात. परवा त्यांनी एका कारीगराला दोनदा हजर दाखवलं, ते मी दुरुस्त केलं. बरोबर असतं ते असं: घडीची खुर्ची, अर्जांच्या पोचा, भट्टीवरच्या मुकादमाचा नंबर, डबा, आणि एक नवी वही. तीत वीस नावं आहेत आणि प्रत्येकासमोर ‘मु’. ते पाहून चाचा म्हणाले, "भट्टी म्हणजे मुलुक नाही, भाभी." मी म्हटलं, "ठाऊक आहे. पण मला दुसरी खूण येत नाही." ते दुपारी थर्मास घेऊन येतात, दोन कप पितात आणि जातात. दोन म्हाताऱ्या बायका आता मला पाणी विचारत नाहीत, हंडा दाखवतात, मी घेते.

साहेब आले की काय करायचं तेही ठरलं आहे. आधी घरं दाखवायची. मग मुकादमाला फोन. माणसं एसटीनं येईपर्यंत चाचांनी साहेबांना चहाला बसवायचं. एवढा वेळ ते थांबतील का, माहीत नाही. माझ्या सांगण्यावर किती विश्वास ठेवतील तेही माहीत नाही. त्यांच्या जुन्या कागदावर माझंच अक्षर आहे. ते मी आधीच सांगून टाकणार आहे.

परवा चौथ्या बाजूलाही दोन पत्रे आले.

आज गुरुवार. दिवस सतरावा. हजर: मी, दोन म्हाताऱ्या. चाचा, दुपारी अर्धा तास. भट्टीवर: वीस. पडताळणीला कुणी आलं नाही. पाच वाजता खुर्ची मिटली, सुतळ्या नीट बांधलेल्या आहेत का ते दारोदार पाहिलं आणि घरी आले.

बाकी काम: पडताळणी, वीस नावं. उद्या दहा वाजता पाड्यावर.